ऑटो मोड आणि पाताळेश्वर

कुणी नवीन कॅमेरा घेतला की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले. किती मेगापिक्सेल? आणि केवढ्याला पडला? मला तिसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: ऊन आणि अंधार एकाच फ्रेममध्ये आले की हा गडी काय करतो?

परीक्षा घ्यायला जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर एकदम बेस्ट. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं लेणं, काळ्या पाषाणात कोरलेलं. आत खांबांच्या रांगांमध्ये गारेगार अंधार. बाहेर अंगणात गोल नंदीमंडप आणि पुण्याचं टळटळीत ऊन. आत उभं राहून कॅमेरा बाहेर रोखा, ऑटो मोड, क्लिक. नंदीमंडप झकास येतो. आणि खांबाशी उभा केलेला मित्र? नुसती काळी आकृती!

हा बग नाही बरं का, गृहीतकच तसं आहे. समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडी, म्हणजे साधारण 18 टक्के प्रकाश परत पाठवणारी असणार, असं कॅमेरा ढोबळमानाने धरून चालतो आणि त्या हिशेबाने शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ ठरवतो. म्हणून तर पांढरीशुभ्र टोपी मळकट दिसते आणि काळा फत्तर राखाडी. 1983 साली निकॉन एफएने चित्राचे 5 भाग करून प्रत्येकाचा उजेड वेगळा मोजला. आताचे फोन चेहरे शोधतात, पटापट अनेक फोटो काढून एकत्र जोडतात. हुशारी वाढली, पण तुम्ही तिथे काय बघायला आलात हे त्याला कुठे ठाऊक?

आणि सगळंच वाचवता येत नाही. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, 6 स्टॉपचा फरक म्हणजे 64 पट. साध्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 0 ते 255 एवढीच जागा. अंधारातलं थोडंफार वर ओढता येतं, दाणे दिसतात इतकंच. पण 255ला टेकलेलं गेलं ते गेलं.

मागे एकदा आईला तिथे नेलं होतं. गुडघे दुखायला लागले म्हणून ती खांबाला टेकून बसली. फोनचा कल अर्थातच अंगणाकडे. मी स्क्रीनवर तिच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. चेहरा उजळला, सुरकुत्यांसकट. अंगण पांढरंफटक.

"अरे, नंदी कुठे गेला?"

म्हटलं, "तो 1200 वर्षं तिथेच बसलाय गं. त्याचा फोटो पुढच्या रविवारी काढतो."

ऑटो मोड वाईट नाही, दहातले आठ फोटो तोच सांभाळतो. उरलेल्या दोनसाठी ते अधिक-उणे चिन्हाचं बटण असतं, त्याला कधीतरी हात लावा. आणि हो, कधी उलटही करा. लेण्यातला अंधार फोन ऑफिससारखा लख्ख करून दाखवायला लागला, तर उणे करा. तो अंधार बघायलाच तर आपण आत गेलेलो असतो :)