ताटलीतले पाणी

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही उभयता महिनाभर मुंबईस धाकट्या बहिणीकडे राहिलो होतो. तिच्या खिडकीत मोगऱ्याच्या व सब्जाच्या कुंड्या आहेत. त्यांना पाणी घालण्याचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले. खालच्या ताटल्यांत पाणी साचे. तेवढाच ओलावा राहील, असे आम्हांस वाटे.

तिसऱ्या आठवड्यात भाच्याला सणसणून ताप भरला. अंग मोडून आले, डोळ्यांमागे ठणका. रक्त तपासले तो डेंग्यू निघाला. दोन रात्री आम्ही रुग्णालयात प्लेटलेट्सचा आकडा विचारीत बसलो.

मग महापालिकेचा एक तरुण विजेरी घेऊन घरी आला. त्याने ताटलीवर उजेड टाकला. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"काका, पाणी रोज घालता, पण ताटली कधी घासता?"

आम्हांस उत्तर सुचेना. त्यांतलाच डास भाच्याला चावला की बाहेरचा, हे कोणी सांगावे? पण आमची मान खाली गेली.

डास गटारात होतात, अशी आमची समजूत होती. डेंग्यूचा डास मात्र घरातल्या स्वच्छ पाण्याशी अंडी घालतो आणि दिवसा चावतो. मुंबईतला मलेरियाचा डासही विहिरीत व टाक्यांत वाढतो. १९११ साली डॉ. बेंटली यांनी तसा अहवाल दिला, आणि पुढे शहरातल्या कित्येक विहिरी बुजविल्या वा झाकल्या गेल्या.

१९५३ पासून भारतभर डीडीटीची फवारणी सुरू झाली. १९६० च्या दशकात मलेरियाचे रोगी वर्षाला लाखाच्या आसपास आले. रोग गेला असे समजून हात सैल पडले, डासांनाही औषध पचू लागले, आणि १९७६ साली रोगी ६४ लाखांवर गेले. सरकारी फवारा घरातल्या ताटलीपर्यंत पोहोचत नाही, हेही खरेच.

उष्ण हवेत अंड्याचा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून भांडे घासावे. नुसते ओतून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटतात व कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात.

शुक्रवारी शब्बाथपूर्वी आपल्या घरी झाडलोट होतेच. बहीण आता त्याच दिवशी पिंप, ताटल्या आणि फ्रीजमागचा ट्रे रिकामा करून घासते. मुंबईस जाणाऱ्या वाचकांनीही हे ध्यानी ठेवावे.

भाचा खडखडीत बरा झाला. शुक्रवारी फोन आला की आधी त्याचाच आवाज येतो, "मामा, ताटली घासली!"