खिडकीवरची झालर

आपल्या समाजातील लग्ने बहुतेक दिवसा लागतात. पंगती सूर्यास्तापूर्वी उठाव्यात, हा त्यामागचा हेतू सर्वांना ठाऊक आहे. तो छायाचित्रकाराच्या किती पथ्यावर पडतो, हे मात्र क्वचितच कुणाच्या ध्यानात येते. सांगली-कोल्हापूर भागात गेली सव्वीस वर्षे मी लग्नांची छायाचित्रे काढीत आहे. रात्रीच्या स्वागतसमारंभात ज्यासाठी चार दिवे उभे करावे लागतात, ते काम सकाळी दहाच्या सुमारास कार्यालयाची उत्तरेकडील एक खिडकी विनामूल्य करून देते. पण सजावट करणारे येतात आणि पहिली झालर त्याच खिडकीवर चढवतात.

मंडपाच्या कापडाचा रंग हा यजमानांच्या हौसेचा विषय. परंतु छताला गुलाबी किंवा पिवळे कापड असले की त्यातून गाळून आलेला उजेड माणसांच्या चेहऱ्यांवर उतरतो. एक गाल गुलाबी आणि खिडकीकडचा गाल निळसर, असे झाले की कॅमेऱ्यातील रंगाची कोणतीही जुळवणी दोन्ही गालांना एकदम न्याय देऊ शकत नाही. म्हणून बोहल्याच्या वर तेवढे पांढरे कापड लावा, अशी विनंती मी आधीच करतो. फ्लॅशचा प्रकाशही मी चेहऱ्यावर थेट न टाकता पांढऱ्या छतावर किंवा भिंतीवर टाकून परत घेतो. छत उंच असेल, तर हा उपाय चालत नाही. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो.

लेन्सविषयी लोक विचारतात ते तिच्या किमतीबद्दल. माझ्या मते लेन्स निवडणे म्हणजे आपण उभे कुठे राहणार, हे ठरवणे होय. बोहल्यावरील वधूवरांनी चौकट भरावी, एवढीच इच्छा धरली, तर ३५ मिलिमीटरच्या लेन्सला पाच-सहा फुटांवर जावे लागते. ८५ मिलिमीटरची लेन्स तेच काम बारा-तेरा फुटांवरून करते आणि २०० मिलिमीटरची तीस फुटांवरून. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी पहिल्या रांगेत नवरीची आजी बसलेली असते. तिच्यापुढे छायाचित्रकारांच्या पाठींची भिंत उभी राहिली, तर ज्यासाठी ती पहाटेपासून ताटकळली ते तिला पुढे अल्बममध्येच पाहावे लागणार. मी त्या वेळी बाजूला, खांबाशी ८५ची लेन्स घेऊन उभा राहतो. अक्षता हवेत स्पष्ट दिसाव्यात म्हणून शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान ठेवतो आणि दोन्ही चेहरे रेखीव यावेत म्हणून अॅपर्चर एफ ४ च्या आसपास. एफ १.८ वर पार्श्वभूमी मोहक विरघळते खरी, पण कित्येकदा नवरदेवही तिच्याबरोबर विरघळतो! कुटुंबाच्या सामूहिक छायाचित्राला मात्र ५० मिलिमीटर आणि एफ ८. तिथे रुंद लेन्स वापरली, तर कडेला उभी राहिलेली मामी विनाकारण दीडपट होते, आणि त्याचा दोष लेन्सला कुणीच देत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगितला पाहिजे. हळदीच्या दिवशी वधूच्या आईंनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितले, "दादा, मुलगी जरा उजळ दिसेल असं बघा हं." मुलगी सावळी होती, डोळे पाणीदार होते, नाक सरळ. अशी विनंती दर हंगामात होते आणि ती पुरी करणे मुळीच अवघड नाही. प्रकाश दुप्पट आत घेतला की झाले. परंतु मग शालूची जर पांढरीफटक पडते, हळदीचा रंग उडतो, कपाळ आणि नाक यांच्यामधली सावली पुसली जाऊन चेहऱ्याचा घाटच हरवतो. याउलट पांढऱ्या पोशाखातील पाहुण्यांच्या मधोमध ती बसली, की कॅमेऱ्याचे मोजमाप त्या पांढऱ्याला भुलते आणि तिला आहे त्याहून काळवंडून टाकते. मी त्या आईंना म्हटले, "ताई, ती जशी आहे तशी सुंदर दिसेल. तेवढं माझ्यावर सोडा." प्रकाश मी तिच्या चेहऱ्यावरच मोजला, तिला खिडकीकडे किंचित वळवून बसवले, पलीकडून एक पांढरी चादर धरवली आणि एका गालावर थोडी सावली राहू दिली.

अल्बम नेताना आई काही बोलल्या नाहीत. दिवाणखान्यात लावायचे मोठे छायाचित्र त्यांनी अन्य कुणाकडून गोरे करून घेतल्याचे मला मागाहून कळले. मुलीने मात्र सासरी जाताना मूळ छायाचित्राची प्रत माझ्याकडून मागून नेली. "यातली मी मला ओळखू येते," एवढेच ती म्हणाली.

लग्न ठरल्यावर मंडळी मला कॅमेरे किती, ड्रोन आहे का, असे प्रश्न विचारतात. मुहूर्ताच्या वेळी कार्यालयात ऊन कोणत्या बाजूने येते, हे मला अद्याप कुणी विचारलेले नाही. म्हणून आदल्या आठवड्यात मीच एकदा त्या वेळी तिथे जाऊन येतो. परवा असाच एका कार्यालयात गेलो होतो. सजावटीचा ठेकेदार प्रथम कुरकुरला. शेवटी मुहूर्तापुरती, दोन तासांकरिता झालर बाजूला सारण्यास तयार झाला. त्यानंतर ती पुन्हा लावायची आहे, हे त्याने मला तीनदा बजावले.