शिट्टी नको!

मुलांनो, तुम्ही पोहायला जाता ना? शाळेत असताना पन्नास मीटरच्या तलावात दहा फेऱ्या मारल्या की मी काय ऐटीत बाहेर यायचो!

तिथे एक मुलगा यायचा. कुणाशी बोलायचा नाही. शिट्टी वाजली की दोन्ही कान गच्च दाबून धरायचा. मग आम्ही मुद्दाम शिट्ट्या मारायचो. (लिहितानाही लाज वाटतेय.) तो स्वमग्न होता. असे आवाज अशा कित्येक मुलांना सहनच होत नाहीत, हे आम्हांला कुठे ठाऊक होतं?

मुंबईची जिया राय स्वमग्नच. १७ फेब्रुवारी २०२१ ला, बाराव्या वर्षी, ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत पोहली. ३६ किलोमीटर, ८ तास ४० मिनिटं! स्वमग्नता म्हणजे काय, हे लोकांना कळावं म्हणून. हिशेब करा, आमच्या तलावाच्या ७२० फेऱ्या! २०२४ मध्ये तर तिनं इंग्लिश खाडीही पार केली.

गेल्या उन्हाळ्यात मीही ठरवलं. शंभर फेऱ्या मारायच्या, फेरीमागे दहा रुपये, पैसे स्वमग्न मुलांच्या शाळेला. चाळिसाव्या फेरीला पोटरीत गोळा आला. काठ धरून चोळलं, पुन्हा निघालो. चौसष्टला मात्र हात उचलेना. शेजाऱ्यांनी शंभराचे पैसे दिले. एका आजोबांनी चौसष्टचेच, मोजून!

शाळेतली मुलंही बघायला आली होती. म्हणून सुरुवातीला शिट्टी वाजवली नाही. हिरवा रुमाल हलवला.