चिंचेने घासलेली शिवराई

तांब्याची भांडी घासावीत तर आमच्या सूनबाईनेच, असे सासूबाई चारचौघींत सांगायच्या. मलाही ते ऐकायला आवडायचे, खोटे कशाला बोलू? पण गेल्या मे महिन्यात ह्याच कौतुकाने माझा घात केला.

झाले असे की, वाईजवळच्या आमच्या गावच्या घराची मागची भिंत खचली होती. शाळेला सुट्टी लागली (मी अर्धवेळ मराठी शिकवते) आणि आम्ही सगळे गावी गेलो. धाकटे दीर मुंबईहून दोन दिवसांनी यायचे होते. गवंड्याने पाया उकरायला घेतला आणि हाक मारली, "वहिनी, हे बघा काय निघालंय!" एक फुटके मडके, आणि त्यात एकमेकांना चिकटलेल्या हिरव्या-काळ्या चकत्या. सोडवून मोजल्या, सतरा भरल्या.

सासूबाईंनी एक डोळ्यांजवळ नेली. "शिवराई दिसते गं. राहू दे तशाच. धाकट्याला येऊ दे, मग काय ते ठरवू."

इतके स्पष्ट सांगूनही मला राहवले नाही. दुपारी सगळे लवंडले तशी मी चिंच भिजवली, मीठ घेतले आणि न्हाणीत बसले. काय सांगू, पहिल्या नाण्याचा हिरवा थर निघाला आणि आतून गुलाबी तांबे हसले! नऊ नाणी मी अशी उजळली. दहावे हातात घेतले तेव्हा जाणवले, की ह्याच्यावर बोटाला अक्षरे लागताहेत, आणि उजळलेल्यांवर जवळजवळ काहीच लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दीर आले. ताटलीतली नाणी पाहून ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, "वहिनी, ही नऊ त्यातलीच का?"

एवढेच. पण मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. सोळा वर्षांच्या संसारात ह्या घरातली सुईसुद्धा मी इकडची तिकडे केलेली नाही. 'हे' वर्तमानपत्रात डोके घालून बसले. (अशा वेळी पुरुषांना नेमके वर्तमानपत्र कसे सापडते कोण जाणे!) बोलल्या त्या सासूबाई. "त्यातलीच आहेत. तिनं घासली, कारण तांबं दिसलं की घासायचं हे तिला मीच शिकवलंय."

रात्री मी आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंना मोबाईलवर फोटो पाठवले. त्यांना नाण्यांचा नाद आहे. त्या रागावल्या नाहीत, पण समजावले ते मनाला लागले. मातीत वर्षानुवर्षे पडलेल्या तांब्याचा वरचा भाग बदलून त्याचा थर होतो. झिजलेल्या नाण्याची अक्षरे पुष्कळदा त्या थरातच उरलेली असतात. चिंच, लिंबू, व्हिनेगर, सगळी आंबटे तो थर खातात. मळाबरोबर अक्षरेही जातात, आणि गेलेला थर काही केल्या परत येत नाही. भांड्याचे आणि नाण्याचे तांबे एकच, पण भांडे वापरायचे असते आणि नाणे वाचायचे!

मग उरलेल्या आठांचे काय? डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवायची, पाणी बदलत राहायचे, भिजलेली माती लाकडी दातकोरणीने अलगद काढायची, आणि टिपून कोरडी करायची. तारेची घासणी, राख, पितांबरी, कशाचे नाव काढायचे नाही. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर ते नाणे बाजूला कोरडे ठेवायचे, कारण मातीतले क्षार ते आतून पोखरत असतात.

चार दिवसांनी एका नाण्यावर 'राजा' स्पष्ट वाचता आले, आणि मागे 'छत्र'. शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असते. पण ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून सगळी अक्षरे एका नाण्यावर क्वचितच मावतात. दुसऱ्यावर चक्क 'सिव' होते. माझ्यातली मराठीची बाई लाल शाई शोधू लागली! शिवराई 1674 च्या राज्याभिषेकापासूनची, पण ती पुढे पेशवाईतही पडत राहिली, तेव्हा ही महाराजांच्याच काळातली असे म्हणता येत नाही. ऐकून माझी लेक हिरमुसली.

पुतण्याने तर मेटल डिटेक्टर मागवायचा बेतही केला. बाईंनी तोही मोडला. संरक्षित किल्ल्यांवर परवानगीवाचून खणणे गुन्हा आहे, आणि आपल्या घरच्या मातीत सापडले तरी 1878 चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाचे काही पुरलेले सापडले, की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. घरात थोडी कुरकुर झाली, पण सासूबाई म्हणाल्या, "कळवून टाका. उद्या कुणी बोट दाखवायला नको."

अर्ज मीच लिहिला. काय सापडले, कुठे, कधी, अंदाजे किंमत. दिरांनी वाचला आणि म्हणाले, "वहिनी, 'तांब्याची नाणी सतरा' एवढं पुरे. घासल्याचं कशाला?"

मी पेन घेतले आणि पुढे लिहिले, 'पैकी नऊ घासलेली.' मग त्यांनी गवंड्याची साक्षीदार म्हणून सही घेतली आणि त्याखाली स्वतःची केली.