चाकांवरच्या घराचं कुलूप

मुलांनो, मे महिन्याच्या सुट्टीत गावाला निघताना तुमच्या घरी काय धांदल उडते, आठवा बरं! आई गॅसचं बटण दोनदा बघते. बाबा कुलूप लावतात, ते एकदा हिसडून पाहतात, चार पायऱ्या उतरतात आणि परत वर जाऊन पुन्हा हिसडून पाहतात. मग शेजारच्या काकूंना सांगणं होतं, "जरा लक्ष असू द्या हं!" तेव्हा कुठे स्वारी निघते.

पण समजा, अख्खं घरच बरोबर घेऊन निघालात तर? मग कुलूप कशाला लावायचं? आणि "लक्ष असू द्या" हे सांगायचं तरी कुणाला?

हा प्रश्न मला पडला २०२३ च्या जून महिन्यात. माझा भाचा जर्मनीत फ्रायबुर्ग या गावी राहतो. त्यानं आठ दिवसांसाठी एक मोटारहोम भाड्यानं घेतलं होतं. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हरची केबिन आणि मागे चार माणसांची झोपायची सोय, गॅसची शेगडी, लहानसा फ्रीज, पाण्याची टाकी, इतकंच काय, संडाससुद्धा! भाचा, भाचेसून, त्यांची दहा वर्षांची चिऊ आणि मी असे चौघे निघालो. ऱ्हाईन नदी ओलांडायची, फ्रान्समध्ये शिरायचं आणि लियाँ, नीम अशी शहरं मागे टाकत दक्षिणेतल्या कार्कासोनच्या किल्ल्यापर्यंत जायचं, असा बेत होता. साधारण साडेआठशे किलोमीटरचा रस्ता.

लियाँ सोडलं की महामार्ग रोन नदीच्या सोबतीनं दक्षिणेकडे धावतो. फ्रेंच लोक त्याला 'सूर्याचा महामार्ग' म्हणतात. उत्तरेकडची पावसाळी हवा मागे पडते, उन्हाला धार येते. द्राक्षांचे मळे, ऑलिव्हची झाडं, लाल कौलांची घरं दिसू लागतात. चिऊनं एक चित्रवही बरोबर घेतली होती. जिथे जिथे थांबू, तिथलं एक चित्र काढायचं, असा तिचा नेम. नीमजवळ पोचेपर्यंत वहीत अकरा चित्रं झाली होती.

फ्रान्सच्या महामार्गावर थोड्या थोड्या अंतरानं विसाव्याच्या जागा असतात. फ्रेंचमध्ये त्यांना 'एर' म्हणतात. काही ठिकाणी नुसती झाडं, बाकडी आणि स्वच्छतागृह. मोठ्या ठिकाणी पेट्रोलपंप आणि उपाहारगृहही. अशाच एका जागी आम्ही भर दुपारी थांबलो. ऊन मी म्हणत होतं. "दहा मिनिटांत आलोच," असं म्हणत चौघेही उतरलो. भाच्यानं दारं लावली, कुलूप लागल्याचा आवाज ऐकला. कॉफी घेऊन परतलो, तर मागची खिडकी सताड उघडी!

कॅमेरा गेला. भाचेसुनेचं पैशांचं पाकीट गेलं. आणि सीटवर ठेवलेली चिऊची पाठीवरची पिशवीही गेली. पिशवीत काय होतं? चित्रवही.

तुम्ही म्हणाल, कुलूप तर लावलं होतं! मग चोर आत शिरला कसा? इथेच तर खरी गंमत आहे. आपल्या घराच्या भिंती विटांच्या असतात. मोटारहोमला ते परवडत नाही. युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचं वाहन चालवता येतं. म्हणून बहुतेक मोटारहोम त्या वजनात बसवलेली असतात. त्यातच शेगडी, पाणी, सामान आणि माणसं! मग वजन वाचवायचं कुठे? भिंतीत. बाहेरून पातळ पत्रा किंवा फायबर, मध्ये फोम आणि आतून पातळ लाकडी फळी. सगळी मिळून जाडी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. खिडक्याही काचेच्या नसतात, दुहेरी प्लॅस्टिकच्या असतात. वरच्या बाजूला बिजागरी आणि खाली प्लॅस्टिकच्या खिट्ट्या. या खिट्टीला दोन खाचा असतात. एका खाचेत खिडकी घट्ट बसते. दुसऱ्या खाचेत हवा यावी म्हणून बोटभर फट राहते. बाहेरून पाहिलं तर खिडकी बंदच वाटते; पण सराईत हाताला ती उघडायला फारसा वेळ लागत नाही.

उकडतं म्हणून चिऊनं ती खिट्टी दुसऱ्या खाचेत ठेवली होती. ते तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा पार उतरला. "माझ्यामुळे झालं," एवढंच ती म्हणाली.

भाचा तिच्याजवळ बसला. म्हणाला, "हे बघ, चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची नाही. चोरी चोरानं केली. खिडकी तू उघडी ठेवलीस, पण चारही माणसं एकदम खाली उतरली, ती माझी चूक. कॅमेरा काचेतून दिसेल असा मामांनी ठेवला. आणि पाकीट आईनं टेबलावर विसरलं." मीही मान खाली घातली. खरंच होतं ते!

पेट्रोलपंपावरच्या बाईंनी पोलिसांना कळवलं. मग त्या चिऊकडे बघून खुणेनं म्हणाल्या, "चला, शोधू या." त्यांचं म्हणणं असं, की चोराला हवे असतात पैसे आणि विकता येईल अशा वस्तू. बाकीचं ओझं तो जवळच कुठेतरी फेकून देतो. आम्ही कचऱ्याचे डबे पाहिले, कुंपणाकडेनं फिरलो. आणि स्वच्छतागृहामागच्या झुडपात पिशवी सापडली! कॅमेरा आणि पाकीट काही मिळालं नाही. पण चित्रवही होती, रंगपेटीही होती. चिऊनं वही उघडून एकेक पान मोजलं. अकराच्या अकरा!

आणि पासपोर्ट? ते मात्र वाचले. ड्रायव्हरच्या सीटखाली गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं पक्की केलेली लोखंडी पेटी होती, त्यात ते होते. परदेशात पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग आपल्या दूतावासात खेपा. सगळा प्रवासच बसकण मारतो. पासपोर्टची छायाप्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी, असं म्हणतात ते याचसाठी.

तक्रार नोंदवून त्या रात्री आम्ही मुक्कामाला गेलो एका द्राक्षमळ्यात. फ्रान्समध्ये १९९३ पासून एक छान योजना चालू आहे, 'फ्रान्स पासिओं'. तिचे सभासद झालं की शेतकरी आणि द्राक्षबागाईतदार आपल्या आवारात मोटारहोमला एक रात्र फुकट उभं राहू देतात. अट एकच, संडास आणि सांडपाण्याची टाकी गाडीतच हवी. शेतकऱ्याचं घर शेजारी, कुत्रा पायरीवर आणि आणखी एक मोटारहोम पलीकडे. त्यात हॉलंडचे एक आजी-आजोबा होते. दुपारची हकीकत ऐकून आजोबा उठले आणि आम्हाला त्यांचं घर दाखवायला घेऊन गेले. वराती मागून घोडं का होईना, पण आमची शिकवणी सुरू झाली.

त्यांच्या दाराला बाहेरून एक जाड आडवा दांडा होता, कुलपासह. लांबूनही सहज दिसणारा. "हा तोडता येत नाही का?" चिऊनं विचारलं. आजोबा हसले. "येतो की! पण वेळ लागतो आणि आवाज होतो. चोराला दोन्ही नको असतं. तो म्हणतो, जाऊ दे, पुढची गाडी बघू."

रात्री ते पुढच्या दोन्ही दारांच्या मुठींतून सीटचे पट्टे ओवून अडकवत. बाहेरून कुलूप उघडलं तरी दार चटकन उघडत नाही. पण आजींनी लगेच बजावलं, की आतून आपल्याला मात्र क्षणात बाहेर पडता आलं पाहिजे. शेगडीचा गॅस गाडीतच असतो ना! आग लागली तर किल्ली शोधत बसायला वेळ कुठला? म्हणून किल्लीची जागा ठरलेली आणि ती घरातल्या प्रत्येकाला ठाऊक. गाडीचं तोंडही नेहमी बाहेर पडायच्या दिशेला.

आणखी एक युक्ती त्यांनी सांगितली, ती चोरांची. महामार्गावर, विशेषतः स्पेनकडे जाताना, शेजारून एखादी मोटार येते आणि आतला माणूस खुणा करतो, "तुमच्या चाकातली हवा गेली!" आपण घाबरून कडेला थांबतो, वाकून चाक बघतो. तेवढ्यात त्याचा साथीदार पलीकडच्या दारानं सामान लांबवतो. उपाय काय? थांबायचं नाही. वेग कमी करून पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत जायचं आणि चार माणसांत, उजेडात चाक बघायचं. तसंच काही झालं तर ११२ नंबर फिरवायचा. हा एकच नंबर युरोपीय संघात सगळीकडे चालतो. आणि बरं का, आता आपल्याकडेही तोच आहे.

मग आजोबांनी आवाज खाली आणला. "पण रात्री चोर खिडकीतून गुंगीचा वायू सोडतात, त्याचं काय?" चिऊ आईला चिकटली. माझी भाचेसून स्वतः डॉक्टर. ती म्हणाली, "आजोबा, ही नुसती अफवा आहे." २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं ते स्पष्ट सांगितलं आहे. एवढी खोली भरायची तर औषध खूप लागेल. ईथरचा वास इतका उग्र, की झोपलेला माणूस खडबडून जागा होईल. शस्त्रक्रियेच्या वेळीसुद्धा भूल देणारा डॉक्टर रुग्णावरून नजर हलवत नाही; मग अंधारात चोराला ते कसं जमेल? खरा धोका वेगळाच. या वायूच्या भीतीनं काही लोक हवेच्या जाळ्या बुजवतात, आणि मग शेगडीतून निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड आत कोंडतो. तेव्हा जाळ्या मोकळ्या ठेवायच्या आणि त्या वायूची सूचना देणारा गजर लावायचा.

त्या रात्री आम्ही शांत झोपलो. शेतकऱ्याच्या घरातला दिवा उशिरापर्यंत चालू होता. मला वाटलं, गावाला जाताना आपण ज्या काकूंना "लक्ष असू द्या" म्हणतो, त्या इथेही भेटल्या की!

दुसऱ्या दिवशी कार्कासोन दिसलं. टेकडीवर निमुळत्या टोप्यांचे बुरूजच बुरूज. एकूण ५२! या वेळी गाडी फाटक आणि राखणदार असलेल्या आवारात लावली. चिऊनं सगळ्या खिट्ट्या स्वतः तपासल्या. सीटवर, टेबलावर एकही वस्तू दिसत नव्हती. चित्रवही तिच्या पाठीवर.

या किल्ल्याला एक सोडून दोन तट आहेत, एकात एक. दोन्ही मिळून लांबी सुमारे तीन किलोमीटर. १९९७ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. "दोन तट कशाला, मामाआजोबा?" चिऊनं विचारलं आणि उत्तरही तिनंच दिलं. "वेळ लागावा म्हणून! त्या दांड्यासारखं!" अगदी बरोबर. बाहेरचा तट ओलांडलेला शत्रू दोन भिंतींच्या मधल्या मोकळ्या पट्टीत अडकायचा आणि वरून सगळ्यांना दिसायचा.

या किल्ल्याची आणखी एक गोष्ट सांगतो. १२०९ च्या ऑगस्टमध्ये त्याला वेढा पडला. तेव्हा बाहेरचा तट अजून व्हायचा होता. पण आतला भक्कम होता. तरीही दोन आठवड्यांच्या आत गाव शरण आलं. का? माणसं खच्चून भरलेली, कडक उन्हाळा आणि पाणी संपलेलं. म्हणजे शत्रूनं तट पाडलाच नाही. आतल्यांनाच शरण जावं लागलं. भिंत कितीही जाड असो, आतली व्यवस्था बिघडली की तिचा उपयोग नाही.

मुलांनो, महाराष्ट्र सरकारनंही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. उद्या तुम्हीही अशा चाकांवरच्या घरातून कोकणात जाल. तोवर एस.टी. आणि रेल्वे आहेच. तिथेही बर्थखाली बॅगेला साखळी लावताना हेच लक्षात ठेवा: चोराला तीन गोष्टी हव्या असतात. दिसणारी वस्तू, मोकळा वेळ आणि आडोसा. त्या त्याला द्यायच्या नाहीत. आणि शेजारच्या प्रवाशाशी दोन शब्द बोलायचे. ज्याच्याशी आपण बोललो, तो आपल्या सामानावरही नजर ठेवतो.

आणि एवढं करूनही कधी काही गेलंच, तर घरातल्या लहानग्यावर रागवायचं नाही. हे मी आईबाबांसाठी लिहितोय!

चिऊच्या वहीतलं बारावं चित्र तुम्हाला ठाऊक आहे का? किल्ला नाही, बुरूज नाहीत. पेट्रोलपंपावरच्या त्या बाई आहेत, झुडपातून पिशवी बाहेर काढताना.