ठाण्याच्या किल्ल्याखालचे गाणे

डोंबिवली

ती. काकांस,


12 सप्टेंबर 1816 च्या संध्याकाळी त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले आणि पेशवाईच्या अखेरीला वेग आला. या सुटकेमागे एका मोतद्दाराचे गाणे होते.

हा किल्ला इंग्रजांकडे आला तोही एका बातमीच्या निमित्ताने. पोर्तुगिजांनी 1730 च्या सुमारास बांधायला घेतलेला हा किल्ला 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला. ठाण्यासह साष्टी बेट परत घेण्यासाठी पोर्तुगीज आरमार निघाल्याची खबर 1774 च्या अखेरीस मुंबईत पोचली आणि ते येण्याआधीच, डिसेंबरात, इंग्रजांनी ठाणे घेतले. साष्टीवर त्यांचा डोळा जुनाच होता. खबरीने मुहूर्त ठरवला.

त्रिंबकजी तिथे कैदेत पडले ते गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनामुळे. बडोद्याच्या गायकवाडांचे हे वकील इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले होते. जुलै 1815 मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. पुण्यातील इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनचा रोख पेशवा दुसऱ्या बाजीरावाचे विश्वासू कारभारी त्रिंबकजी यांच्यावर होता. बऱ्याच टाळाटाळीनंतर बाजीरावाने त्यांना सप्टेंबरात हवाली केले.

देशी शिपाई फितूर होतील या धास्तीने त्यांच्यावर केवळ गोऱ्या शिपायांचा पहारा होता. किल्ल्यातल्याच एका अधिकाऱ्याच्या चाकरीत एक मराठी मोतद्दार होता. धन्याचा घोडा फिरवताना तो त्रिंबकजींच्या खिडकीखालून ये-जा करी आणि सहज सुचल्यासारखे गाई. बाहेरच्या साथीदारांचे निरोप त्या गाण्यातून आत पोचत. पहारेकऱ्यांना मराठीचा गंध नव्हता; त्यांच्या लेखी तो गात गात घोडा फिरवणारा एक नोकर होता. मराठी समजणारा एक जरी शिपाई तिथे असता, तरी हा बेत पहिल्या काही दिवसांतच फसला असता. फितुरी टाळण्यासाठी घेतलेली खबरदारीच कैद्याच्या कामी आली. ठरलेल्या संध्याकाळी भिंतीला पाडलेल्या भगदाडातून त्रिंबकजी बाहेर पडले.

बेत विचारपूर्वक आखलेला होता, हे खरे. पण घोडा फिरवण्याची वाट नेमकी त्या खिडकीखालून जावी, यात कोणाचे राजकारण नसावे. ग्रँट डफने लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हा प्रसंग आहे, मोतद्दाराचे नाव मात्र नाही. एवढे धाडस करणाऱ्याचे नाव मागे राहू नये, याची हळहळ वाटते.

पुढचे सारे भराभर घडले. सुटलेल्या त्रिंबकजींनी माणसे जमवायला सुरुवात केली. बाजीराव वरकरणी कानांवर हात ठेवून आतून पैसा पुरवत होता. मे 1817 मध्ये एल्फिन्स्टनने त्रिंबकजींना महिन्याभरात हजर करण्याची मागणी केली आणि तारण म्हणून सिंहगड, पुरंदर व रायगड मागितले. 13 जून 1817 च्या पुणे कराराने बाजीरावाला मराठा मंडळाच्या प्रमुखपदावर पाणी सोडावे लागले. कल्याण-बेलापूरसह उत्तर कोकणही गेले. म्हणजे कल्याण-डोंबिवलीचा हा मुलूख खडकीच्या लढाईआधी सुमारे पाच महिने, कागदावरच्या सहीने इंग्रजांचा झाला. त्या सहीच्या मुळाशी ठाण्याची ती संध्याकाळ होती. 5 नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, 17 नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले, आणि जून 1818 मध्ये बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला.

गाण्याने पेशवाई बुडवली, असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. 1802 च्या वसईच्या तहानेच पेशवा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा ओशाळा झाला होता. शिंदे आणि होळकर आपापल्या अडचणींत होते. त्रिंबकजी कैदेतच राहिले असते तरी कंपनीशी खटका कधी ना कधी उडालाच असता. पण तो त्याच वर्षी, त्याच कारणाने उडाला नसता. बाजीरावाला तयारीला थोडा अवधी मिळाला असता. तेवढ्या अवधीने पुढचा निकाल बदलला असता का, याचे उत्तर कागदपत्रांत सापडत नाही.

1818 मध्येच त्रिंबकजी नाशिक भागात पुन्हा पकडले गेले. त्यांना आधी ठाण्यात आणि नंतर दूर गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. 1824 मध्ये इंग्रज बिशप हेबर तिथे त्यांना भेटला. त्याच्या प्रवासवर्णनात मोतद्दाराच्या गाण्याची हकीकत आहे. 1829 मध्ये त्रिंबकजी वारले. ठाण्याच्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे.

कळावे.
आपला पुतण्या