निजामाचं विमान आणि येलदरीचा तंगूस

दोन पंखांच्या विमानाचं मॉडेल करायचं तर टायगर मॉथपासून सुरुवात करावी, असं जाणते सांगतात. साधं, सुटसुटीत विमान. मी डीएच-९ए घेतलं, आणि त्याला कारण परभणी.

१९१८ साली हैदराबादच्या निजामानं, मीर उस्मान अली खाननं, ब्रिटिश हवाई दलाच्या एका अख्ख्या तुकडीला डीएच-९ए विमानं भेट दिली. ११० नंबरच्या त्या स्क्वाड्रनच्या नावाला 'हैदराबाद' जोडलं गेलं आणि विमानांच्या अंगावर दात्याचं नाव रंगवलं गेलं. सप्टेंबरात ती फ्रान्सला गेली, जर्मन शहरांवर बॉम्ब टाकायला. बरीच परत आली नाहीत. त्यांतलं एक, एफ १०१०, ऑक्टोबरात जर्मनांच्या हाती लागलं. बर्लिनच्या संग्रहालयात गेलं, तिथून पोलंडला पोचलं आणि १९७७ साली इंग्लंडला परत आलं. आज ते लंडनमध्ये हेन्डनच्या आरएएफ म्युझियममध्ये उभं आहे.

आता निजामाच्या तिजोरीत पैसा यायचा कुठून? परभणी तेव्हा त्याचाच जिल्हा. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या सारा भरल्याच्या पावत्या आहेत; उर्दूत लिहिलेल्या, फसली सनाच्या, हाली सिक्क्यातल्या. त्या १९१८ च्या नंतरच्या, पण सारा काही त्या सालापासून सुरू झाला नव्हता. त्या विमानाची एखादी तार तरी आमच्या कापसाच्या पैशावर आली असणार, असं मी धरून चालतो.

किट न मागवता नकाशे छापून घेतले आणि एकास बहात्तर प्रमाणात सगळं हातानं करायचं ठरवलं. खरं विमान पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत चौदा मीटर, म्हणजे माझं साडेएकोणीस सेंटिमीटर. पंख प्लॅस्टिकच्या पत्र्याचे. दोन पंखांमधले खांब पतंगवाल्याकडून आणलेल्या बांबूच्या कामट्या तासून केले. प्लॅस्टिकचा खांब तार ताणली की वाकतो, बांबू वाकत नाही. पंख वरून मातकट हिरवे, खालून कोऱ्या कापडाच्या रंगाचे. नाकाशी भला मोठा चौकोनी रेडिएटर, कारण आत चारशे अश्वशक्तीचं अमेरिकन लिबर्टी इंजिन. दिसायला देखणं नाहीच ते; पण ओझं वाहणाऱ्याचं रूप कोण बघतो?

खरं काम रंगानंतर. या जातीच्या विमानात तारा शोभेच्या नसतात. विमान जमिनीवर उभं असताना पंख आपल्याच वजनानं खाली झुकू बघतात. त्यांना वरच्या पंखाच्या मधल्या भागातून खाली बाहेर जाणाऱ्या तारा पेलतात. हवेत उलटं होतं. उचल लागली की पंख वर दुमडू बघतात, तेव्हा धडाजवळून वर बाहेर गेलेल्या तारा त्यांना खाली धरतात. या दुसऱ्या तारा जोडीनं असतात, कारण उडताना सगळी भिस्त त्यांच्यावर. लाकूड, कापड आणि तारा मिळून एक पेटी होते. तारा काढा, पेटी कोसळते.

तारेसाठी मी तंगूस वापरतो, मासे धरायचा. जिंतूरकडे येलदरी धरणावर मासेमारी चालते, त्यामुळे तिकडच्या दुकानांत हवा तेवढा बारीक मिळतो. एक दशांश मिलिमीटरचा घेतला. दुकानदार म्हणाला, "एवढ्या बारकात कोन्ता मासा सापडतोय, सर?" मी विमान म्हणालो. त्यानं पैसे मोजून घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

वरचा पंख बसवण्याआधीच त्याच्या पोटाला हातड्रिलनं भोकं पाडायची. त्यात तंगुसाचं एक टोक फेविक्विकनं पक्कं करायचं. मग पंख खांबांवर बसवायचा आणि लोंबणारी टोकं खालच्या पंखाच्या आरपार ओवायची. प्रत्येक टोकाला कपड्यांचा चिमटा लावायचा, त्याच्या वजनानं तार सरळ राहते. चिकटवायचं, कापायचं, घासायचं, ठिपका रंगवायचा. पंखा बंदच ठेवावा लागतो, नाहीतर चिमटे झुलतात आणि तारांचा गुंता होतो. मे महिन्यात परभणीत पंखा बंद करून बसणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्यात फेविक्विकला हवेतली ओल लागते. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात ते हटकून उशिरा धरतं. पावसाळ्यात चटकन धरतं, पण आजूबाजूला पांढरा थर चढवतं. मला तारांचं काम दिवाळीनंतरच बरं वाटतं.

एवढं करूनही एखादी तार सैल राहतेच. त्यावर उपाय अगरबत्तीचा. पेटतं टोक तारेखालून, जरासं अंतर राखून, न थांबता न्यायचं. नायलॉन आकसतं आणि तार बघता बघता ताठ होते. हात रेंगाळला तर तुटते. बायको म्हणते, "देवाला एक काडी अन् विमानाला अख्खा पुडा!" तिचं चूक नाही. आमच्या विमानांच्या कपाटाला कायम मोगऱ्याचा वास असतो.

शेवटी उरलं ते अंगावरचं नाव. या प्रमाणात अक्षरं जेमतेम मिलिमीटरभर. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करून, माझा एक मित्र घरी आला. त्याच्या आजोबांनी निजामाच्या राज्यात, रझाकारांच्या काळात गाव सोडलं होतं. तो विमान न्याहाळून म्हणाला, "तारा झकास झाल्यात. पण त्याचं नाव कामून लिहितोस? कोरंच ठेव की."

मी म्हणालो, नाव पुसलं तर पैसे कुणाचे होते हा प्रश्नही पुसला जातो. त्याला ते पटलं नाही. चहा संपेपर्यंत वाद चालला आणि मग तो बाजार समितीत सोयाबीनचा भाव बघायला निघून गेला. मी शून्य नंबरचा ब्रश घेतला, त्याचेही निम्मे केस कापले आणि निजामाचं नाव लिहून टाकलं. लाकडी बैठकीवर मात्र आजोबांच्या एका पावतीचा छोटा केलेला फोटो चिकटवलाय. पाहुण्यांना आधी तो वाचायला लावतो. उर्दू येत नसेल तर मीच वाचून दाखवतो.